नारायण मेघाजी लोखंडे : जाचाला सह्यांनी उत्तर देणारा स्टोअरकीपर

वाशीम : दिवाळी सरली, की कारंजा, मानोरा, मंगरुळपीर या भागांत कापसाने भरलेल्या गाड्या जिनिंगच्या दिशेने निघतात. गेल्या काही दशकांत सोयाबीनने जिल्ह्यातील कापसाची बरीच जागा घेतली असली, तरी पांढऱ्या सोन्याचा हा हंगाम अजून पुरता सरलेला नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी मात्र कापूस हेच या मुलखाचे मुख्य धन होते. वाशीम त्या काळी वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो अकोला जिल्ह्यात विलीन झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा वेगळा झाला. कारंजाच्या बाजारातला कापूस बैलगाड्यांनी मूर्तिजापूर स्थानकावर जाई, तेथून रेल्वेने मुंबईला पोहोचे आणि तेथे 'उमरा' या व्यापारी नावाने विकला जाई. उमरावतीचेच ते आखूड झालेले रूप. त्यातला काही कापूस विलायतेच्या बोटींत चढे, तर काही मुंबईच्या गिरण्यांत सूत होण्यासाठी जाई.

तो कापूस पिंजणाऱ्या, कातणाऱ्या आणि विणणाऱ्या हातांची कथा वऱ्हाडात फारशी सांगितली गेली नाही. भोंगा होण्यापूर्वी अंधारात घर सोडायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे, असा त्यांचा दिवस असे. मधल्या वेळात जॉबरची शिवी, प्रसंगी त्याचा हात, साहेबाने ठोकलेला दंड आणि महिनोन्महिने न मिळणारा पगार हे सारे निमूट सोसायचे. या जाचाला संघटित आणि लेखी उत्तर देण्याचा मार्ग दाखवला तो गिरणीतल्याच एका पगारी नोकराने. तो यंत्रावर उभा राहणारा कामगार नव्हता. स्टोअरमध्ये बसून मालाचा हिशेब ठेवणारा माणूस होता. नारायण मेघाजी लोखंडे हे त्याचे नाव. भारतीय कामगार चळवळीचे जनक म्हणून आज ते ओळखले जातात.

ठाण्याचा मॅट्रिक

लोखंडे यांचा जन्म १८४८ मध्ये ठाण्यात झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्याच्या कन्हेरसरचे. फुलमाळी समाजातील हे कुटुंब पोटापाण्यासाठी ठाण्यात येऊन स्थिरावले होते. पुण्यात जोतीराव फुले यांनी मुलींची पहिली शाळा उघडली तेही १८४८ हेच वर्ष. पुढे या दोन आयुष्यांची गाठ पडणार होती.

शूद्र मानल्या गेलेल्या जातीतील मुलाने त्या काळी मॅट्रिकपर्यंत मजल मारणे ही सामान्य बाब नव्हती. लोखंडे यांनी ती मारली. परंतु त्यापुढे शिकण्याइतकी घरची परिस्थिती नव्हती. त्यांनी प्रथम रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर ते मुंबईच्या मांडवी भागातील एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून रुजू झाले.

ही जागा मोठी विलक्षण होती. स्टोअरकीपरचा संबंध वर साहेबाशी आणि खाली कामगाराशी येतो. कोणाला किती दंड झाला, कोणाचा पगार अडला, कोणाचा हात यंत्रात सापडला आणि त्यानंतर त्याचे नाव हजेरीपटावरून कसे नाहीसे झाले, हे सारे त्याच्या नजरेसमोर घडते. अशा जागी बसलेला माणूस बहुधा वरच्यांची मर्जी राखतो. आपली पांढरपेशी खुर्ची आणि खात्यातला घामेजलेला माणूस यांच्यात अंतर राहील याची तो काळजी घेतो. लोखंडे यांनी नेमके उलट केले.

अडकवलेला पगार

मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची उभारणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये हाती घेतली आणि १८५६ मध्ये ती ताडदेवला सुरू झाली. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत चिमण्यांची रांग उभी राहिली. विजेचे दिवे अद्याप आले नव्हते. त्यामुळे सूर्य हेच गिरणीचे घड्याळ होते. उजाडले की यंत्रे सुरू होत आणि मावळले की थांबत. हिवाळ्यात हा दिवस सुमारे बारा तासांचा होई, तर उन्हाळ्यात चौदा तासांपर्यंत लांबे. आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. यंत्रे बंद ठेवली, तरी त्या दिवशी ती साफ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई, आणि तो दिवसही अर्धाअधिक गिरणीतच जाई.

कामगार मालकाला क्वचितच पाही. त्याच्यासाठी मालक म्हणजे जॉबर. कामावर घेणारा तोच, काढून टाकणारा तोच, रजा देणारा आणि बदली कामगार उभा करणारा तोच. कामावर लागायचे तर त्याला दस्तुरी द्यावी लागे, आणि टिकायचे तर ती देत राहावी लागे. स्त्रियांच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत. तिचा अधिकारही याच तऱ्हेचा होता. जॉबरच्या वर खात्याचा मास्तर आणि त्याच्या वर मॅनेजर. अपमान वरून निघे आणि पायरीपायरीने खाली उतरे. मॅनेजरने मास्तरला सुनावले, की मास्तर जॉबरवर आणि जॉबर कामगारावर डाफरे. कामगाराच्या खाली कोणी उरलेच नसेल, तर तो खात्यातल्या पोरावर चिडे. गिरण्यांत सात-आठ वर्षांची पोरे कामाला असत.

एवढा जाच असताना माणसे नोकरी सोडून का जात नव्हती, असा प्रश्न आज सहज पडतो. त्याचे उत्तर पगाराच्या पद्धतीत होते. महिन्याचा पगार त्या महिन्याच्या अखेरीस मिळत नसे. तो पुढच्या महिन्यात, कित्येकदा त्याच्याही पुढे ढकलला जाई. म्हणजे कामगाराचे महिना-दीड महिन्याचे, काही ठिकाणी दोन महिन्यांचे वेतन कायम गिरणीच्या तिजोरीत पडलेले असे. सूचना न देता काम सोडले, की ते बुडाले. तोवर घर चालायचे ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या व्याजावर. त्यामुळे जॉबरने शिवी दिली म्हणून उठून चालू लागणे म्हणजे स्वतःच्या घामाचे पैसे मागे टाकून, डोक्यावर कर्ज घेऊन चालू लागणे. साहेबाचा राग कामगार गिळत असे तो स्वभावाने भित्रा होता म्हणून नव्हे. त्याचे उत्तर देण्याचे बळ आधीच तारण पडलेले असे.

तरीही माणसे आपापल्या परीने प्रतिकार करीतच. कोणी आजारपणाचे निमित्त करून कोकणात किंवा देशावर गावी निघून जाई. कोणी काम मुद्दाम रेंगाळत ठेवी, तर कोणी लघवी-पाण्याच्या नावाखाली बाहेर जाऊन विडी ओढत बसे. मालकांच्या दृष्टीने हा आळस होता. क्वचित एखाद्या खात्यातील सारे जण एकदम काम टाकून बाहेर येत. विदर्भाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी, की नोंद झालेल्या आरंभीच्या गिरणी संपांपैकी एक नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये झाला. १८७७ च्या पहिल्याच दिवशी सुरू झालेल्या या गिरणीत त्याच वर्षी मजुरीच्या दरांवरून कामगारांनी काम थांबवले होते. जमशेटजी टाटा यांनी याच गिरणीत पुढे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाई सुरू केली. त्या काळच्या इतर मालकांशी ताडून पाहता हे उदाहरण ठळक उठून दिसते. १८८२ ते १८९० या काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत मिळून पंचवीस संपांची नोंद सापडते. पण हे संप एका खात्यापुरते, एका रागापुरते असत. राग ओसरला किंवा पोट रिकामे झाले, की संपही ओसरे. त्यामागे कागद नव्हता, आणि सर्वांची म्हणून एक मागणी नव्हती.

'दीनबंधू'ची धुरा

लोखंडे यांना ती मागणी शब्दांत मांडण्याचे साधन वृत्तपत्रातून मिळाले. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या आरंभी पुण्यात 'दीनबंधू' हे साप्ताहिक सुरू केले होते. आर्थिक ओढाताणीत ते बंद पडले, तेव्हा १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून पुन्हा उभे केले. जोतीराव फुले यांचे विचार त्यांनी पूर्वीच आत्मसात केले होते. आता गिरणीचा प्रत्यक्ष अनुभव त्यात मिसळला. शेतकऱ्याचे कर्ज आणि गिरणी कामगाराचा अडलेला पगार ही एकाच दैन्याची दोन टोके आहेत, हे ज्या काही मोजक्या संपादकांना त्या वेळी दिसले, त्यांत लोखंडे होते. गिरणीत उभा असलेला माणूस बहुतेक वेळा गावाकडची जमीन सावकाराकडे गेल्यामुळेच मुंबईत आलेला असे.

फुले आणि लोखंडे यांचे संबंध मात्र नेहमीच सरळ राहिले नाहीत. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली प्रकरणे 'दीनबंधू'त छापून झाल्यावर लोखंडे यांनी पुढचा मजकूर छापण्याचे थांबवले. मजकुराची धार त्यांना झेपण्यापलीकडची वाटली असावी. जोतीराव त्यामुळे संतापले आणि त्यांनी आपली नाराजी लपवली नाही. लोखंडे यांचा स्वभाव त्यातून कळतो. ते जपून पावले टाकणारे गृहस्थ होते. आगीचे लोळ उठवण्यापेक्षा अर्ज, साक्ष, सभा आणि सह्या या मार्गांवर त्यांची भिस्त होती. या सावधपणाचा दोष काढता येईल. पण गिरणी कामगारांच्या बाबतीत त्याच सावधपणाने काम तडीस नेले, हेही मान्य करावे लागते. दुरावा पुढे निवळला. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात जोतीरावांना 'महात्मा' ही पदवी अर्पण करण्यात आली, त्या सोहळ्याच्या आयोजनात लोखंडे पुढे होते.

पाच मागण्या आणि साडेपाच हजार सह्या

हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ मध्ये झाला. तो मुख्यतः लहान मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून अधिक राबवू नये आणि त्यांना महिन्यातून चार सुट्या द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. प्रौढ स्त्री-पुरुषांना त्यात काहीही नव्हते. १८८४ मध्ये मुंबई सरकारने या प्रश्नाच्या फेरविचारासाठी आयोग नेमला आणि लोखंडे यांनी ही संधी साधली.

२३ सप्टेंबर १८८४ रोजी परळच्या सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा भरली. तेथे जे निवेदन मंजूर झाले, त्यात पाच मागण्या होत्या. दर रविवारी पूर्ण सुटी मिळावी. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती असावी. गिरणी सकाळी साडेसहाला सुरू व्हावी आणि सूर्यास्ताला थांबावी. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचे अपंगत्व आल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज करावी. निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या.

या यादीत शिवीगाळ किंवा मारहाण यांचा शब्दही नाही, हे आज वाचणाऱ्याला खटकेल. लोखंडे यांना तो जाच ठाऊक नव्हता असे मानण्याचे कारण नाही. परंतु जॉबर उद्धट आहे, हे आयोगापुढे सिद्ध करणे अवघड होते आणि सिद्ध झाले, तरी एक जॉबर जाऊन दुसरा आला असता. पगार पंधरा तारखेच्या आत मिळू लागला, तर मात्र त्या शिवीमागचा दाबच सैल होणार होता. ज्याचे पैसे अडकलेले नाहीत, तो माणूस उठून जाऊ शकतो, आणि उठून जाऊ शकणाऱ्या माणसाशी बोलताना साहेबाचाही आवाज खाली येतो. मागण्यांची निवड पाहता हिशेबाच्या वह्या सांभाळलेल्या माणसाची नजर तीत स्पष्ट दिसते.

सह्यांचीही एक गंमत होती. एकट्याने तक्रार करणाऱ्याचे नाव जॉबरच्या कानी पडे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी बदली उभा राही. साडेपाच हजार जणांना एकाच दिवशी बदली उभे करणे कोणत्याही जॉबरला शक्य नव्हते. बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ही लोखंडे यांची संघटना याच धडपडीतून पुढे आली. आजच्या अर्थाने ती कामगार संघटना नव्हती. तिच्याकडे सभासदांची यादी नव्हती, निधी नव्हता आणि नियमावलीही नव्हती, असे सरकारी अहवालातच नंतर नमूद झाले. लोखंडे हे कामगारांचे विनामोबदला सल्लागार होते, एवढाच तिचा कारभार. तरीही तिच्या नावाने गेलेला कागद सरकार आणि मालक या दोघांनाही वाचावा लागे.

१८८४ च्या निवेदनातून लगेच काही हाती आले नाही. मालकांनी सवलती नाकारल्या आणि सरकारने घाई केली नाही. त्यातच एक वेगळा पेच उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा डोईजड झाल्याने लँकेशायरचे गिरणी मालक हिंदुस्थानातील कामगारांबद्दल कळवळा दाखवू लागले होते. इथे कडक कायदा झाला तर इथले सूत महाग होणार, हा त्यांचा हिशेब उघड होता. त्यामुळे बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कारखाना कायद्याला विरोध केला. देशी उद्योगाच्या मुळावर येणारा डाव म्हणून त्याकडे पाहिले गेले. ही शंका निराधार नव्हती. मात्र विलायतेचा मालक स्वार्थी आहे म्हणून परळच्या बाईचे चौदा तास बारा होत नाहीत, ही गोष्ट त्या वादात बाजूला पडली. 'दीनबंधू'ने कामगाराची बाजू सोडली नाही. देशभक्तीच्या विरोधात उभे असल्याचा आरोप अंगावर घेऊन ती भूमिका मांडणे त्या वर्षांत सोपे नव्हते.

रेसकोर्सवरील सभा

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी रेसकोर्सच्या मैदानावर सुमारे दहा हजार गिरणी कामगार जमले. मुंबईने तोवर श्रमिकांची एवढी मोठी सभा पाहिली नव्हती. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १८९० सालच्या मुंबईत गिरणीत राबणाऱ्या बाईने दहा हजारांच्या समुदायापुढे उभे राहून बोलणे ही घटना इतिहासाच्या पुस्तकांत एका ओळीत उरकली जाते. त्या दोघींची नावेही आपल्या सामान्य स्मरणात नाहीत. त्यांच्यासमोर जॉबरही होते, मास्तरही होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खात्यात जायचे होते.

सभेने आठवड्याच्या सुटीची मागणी गिरणी मालक संघाकडे पाठवली. १० जून १८९० रोजी मालक संघाने रविवारची साप्ताहिक सुटी मान्य केली. सहा वर्षांपूर्वी सुपारीबागेत लिहिलेल्या पाच मागण्यांपैकी पहिली अशा रीतीने पदरात पडली. कारकून, शिक्षक, बँक कर्मचारी यांना आज जो रविवार हक्काचा वाटतो, त्यामागे गिरणी कामगारांच्या या लढ्याचा मोठा वाटा आहे.

त्याच वर्षी सरकारने डॉ. लेथब्रिज यांच्या अध्यक्षतेखाली कारखाना कामगार आयोग नेमला. पारशी समाजातील कामगारहितैषी सोराबजी शापूरजी बंगाली हे त्याचे एक सदस्य होते. मुंबईच्या चौकशीसाठी लोखंडे यांना स्थानिक सदस्य म्हणून आयोगाशी जोडून घेण्यात आले. एकेकाळी गिरणीच्या स्टोअरमध्ये बसलेला माणूस आता साक्षी ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसला. १८९१ च्या सुधारित कायद्याने सर्वांना आठवड्याची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली. स्त्रियांचा दिवस अकरा तासांचा झाला. मुलांचे किमान वय सातवरून नऊवर गेले आणि त्यांचे तास नवावरून सातवर आले. प्रौढ पुरुषांच्या तासांना हात लागला नाही. पगाराची पंधरा तारीख आणि अपघाताची भरपाई या मागण्याही कायद्यात उतरल्या नाहीत. भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला, तर वेतन वेळेवर देण्याचा १९३६ मध्ये.

वस्तऱ्याचा नकार

याच १८९० सालातील आणखी एका प्रसंगाने लोखंडे यांचे वेगळेपण दिसते. ब्राह्मण विधवांच्या केशवपनाची चाल त्या वेळी रूढ होती. ही चाल चालवणारा धर्म वेगळ्यांचा, पण वस्तरा मात्र न्हाव्याचा. लोखंडे यांनी मुंबईतील नाभिक समाजाची सभा घेतली आणि विधवांचे केस कापण्याचे काम यापुढे करायचे नाही, असा निर्धार नाभिकांनी केला. सनातनी मंडळींना शास्त्रार्थाने जे पटत नव्हते, ते येथे कामगाराच्या नकाराने अडले. वरच्याने सांगितलेले काम पैसे मिळत असले तरी करायचे नाही, कारण ते क्रूर आहे, हा विचार तेव्हा नवा होता. रोजगार बुडण्याची शक्यता पत्करून तो सामान्य माणसांनी स्वीकारला.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गिरणगावात दोन्ही समाजांचे कामगार एकाच खात्यात, एकाच चाळीत राहत होते. लोखंडे यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत कामगारांची एकोपा सभा भरवली. त्यांच्या सार्वजनिक कार्याची दखल घेऊन सरकारने त्यांना 'जस्टिस ऑफ द पीस' केले आणि १८९५ मध्ये रावबहादूर हा किताब दिला. सरकारी किताब मिरवणारा कामगार पुढारी ही गोष्ट नंतरच्या पिढीतील लढाऊ कार्यकर्त्यांना रुचली नाही. लोखंडे यांची चळवळ अर्ज-विनंत्यांची होती, परोपकाराची होती, खऱ्या अर्थाने कामगारांची नव्हती, अशी टीका काही अभ्यासकांनी केली आहे. तीत तथ्य आहे. त्यांनी संपाचे शस्त्र उगारले नाही. परंतु ज्या काळी कामगाराला सहीऐवजी अंगठा उठवावा लागे, त्या काळी त्याचा अंगठा मालकाच्या कर्जरोख्यावरून काढून स्वतःच्या मागणीपत्रावर आणणे हे काम कोणी तरी आधी करावेच लागणार होते.

वऱ्हाडाच्या वाट्याला काय आले

१८९१ च्या कायद्याचा लाभ कापसाच्या प्रवासातील सर्वांना झाला नाही. वर्षातून किमान चार महिने चालणारा कारखाना हाच कायद्याच्या दृष्टीने कारखाना होता. जिनिंगचा धंदा हंगामी. कापूस संपला, की यंत्रे थांबत. त्यामुळे वऱ्हाड, खानदेशसारख्या कापूसपट्ट्यांतील अनेक जिन या व्याख्येच्या बाहेरच राहिले. तेथे राबत त्या बहुतांशी स्त्रिया. खानदेशातील जिनमध्ये बायका पहाटेपासून रात्री दहापर्यंत काम करीत, अशा साक्षी मुंबईच्या आयोगापुढे आल्या होत्या. कापसाच्या उडणाऱ्या तंतूंत उभे राहून, कडेवरचे मूल जवळच्या ढिगाऱ्यावर झोपवून काम करण्याचा तो प्रकार होता. गावातच घर, गावचाच मालक आणि हंगामभर मिळणारी तेवढीच मजुरी, अशा स्थितीत त्या बाईने कोणाकडे दाद मागायची? तिच्यासाठी परळची सुपारीबाग फार दूर होती. चार महिन्यांची अट निघाली ती १९११ च्या कायद्याने. त्याच कायद्याने कारखान्यांतील स्त्रियांना रात्रपाळीला मनाई केली, आणि त्यातून कापसाचे जिन-प्रेस तेवढे वगळले.

प्लेगचे वर्ष

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीला आला तो मांडवीत. ज्या भागातील गिरणीत लोखंडे यांनी हिशेब लिहिले, तोच हा भाग. महिनाभरातच माणसे शहर सोडून पळू लागली. गिरण्या ओस पडू लागल्या, तेव्हा उरलेल्या कामगारांना टिकवण्यासाठी मालकांना रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवावी लागली. पगार अडकवून ठेवण्याची जी रीत अर्जांनी हलली नव्हती, ती माणसेच मिळेनाशी झाल्यावर काही काळापुरती का होईना हलली. सरकारी रुग्णालयांची लोकांना धास्ती वाटत असल्याने समाजाच्या स्वतःच्या रुग्णालयांची गरज निर्माण झाली. लोखंडे यांनी मराठा रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि रुग्णांच्या सेवेत स्वतःला झोकून दिले. त्यातच त्यांना संसर्ग झाला. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वयाची पन्नाशीही तेव्हा झालेली नव्हती. महिनाभराने, १० मार्च रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले याही प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. सत्यशोधक चळवळीवर हे दोन आघात लागोपाठ झाले.

भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळच्या शासकीय श्रम विज्ञान संस्थेलाही पुढे त्यांचे नाव देण्यात आले. ज्या टपाल खात्यात त्यांनी तरुणपणी नोकरी केली, त्याच खात्याच्या तिकिटावर त्यांची छबी आली.

'दीनबंधू' मात्र त्यांच्याबरोबर संपला नाही. वासुदेवराव बिर्जे यांनी ते पत्र पुढे चालवले आणि त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नी तानुबाई बिर्जे यांनी १९०८ ते १९१२ या काळात त्याचे संपादन केले. जिनमधल्या बायांना रात्रपाळीला जुंपण्याची मोकळीक ज्या कायद्याने कायम ठेवली, तो मंजूर झाला तेव्हा लोखंडे यांच्या संपादकाच्या खुर्चीवर एक स्त्री बसलेली होती.